काळ्या पट्टीवरचा अंगठा

लोणावळे, सोम. ७ जाने. १९४६

पियानोच्या त्या ओळीवर इंदू आजही अडली. उजव्या हाताने पाच काळ्या पट्ट्या चढायच्या आणि न थांबता वरच्या सप्तकात पुन्हा त्याच पाच. छापील प्रतीत बोटांचे आकडे नाहीत; ते मी पेन्सिलीने घातले. तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. मग हात उचलून पुन्हा तर्जनी. उचलताना स्वर तुटतो. तुटता कामा नये. १९ तारखेस, शनिवारी, मुंबईच्या मुलींच्या शाळेत तिला हेच वाजवून दाखवायचे आहे. जागा मिळाली तर संगीतशिक्षिका. न मिळाल्यास तळेगावच्या स्थळास होकार, असे सौ.शी बोलणे झालेले आहे. इंदूला नोकरी हवी. मलाही तीच हवी, हे सौ.ला अजून सांगितलेले नाही.

बुध. ९

इंदूचे मनगट सुजले. सौ.ने आंबेहळद उगाळून लावली. म्हणाली, "तुमचा हिशेब जुळेना म्हणून पोरीचा हात पिरगाळायचा का?"

दुपारी स्वतः बसून सर्व बोटे पुन्हा तपासली. करंगळी वगळून पाहिली. अनामिका दोनदा घेऊन पाहिली. माझ्या हाताला कशीबशी बसते; इंदूची वीत माझ्याहून चांगली दोन बोटे लहान. अंगठा घेतल्यास कदाचित...

पण अंगठा काळीवर नाही. पेटीवर मला गुरुजींनी हेच शिकवले, मी इंदूला. अंगठा काळीवर गेला की सगळा पंजा पुढे घसरतो. तिला हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. सात वर्षांची होती तेव्हा.

शुक्र. ११

सूज थोडी कमी. ओळ तशीच.

भांडी घासता घासता भागूबाई म्हणाली, "नाना, तुमी हितं खुर्ची टाकून बसला की ती मोठी पेटी आडती. काल तुमी बाजारात गेलता, तवा न्हाई आडली. लय ग्वाड वाजली."

तुला त्यातले काय कळते, असे विचारले.

"व्हय, मला काय कळतंय! कान हायेत न्हवं पर."

इंदू आत पुस्तक वाचत होती. तिने पान उलटले नाही.

सोम. १४. संक्रांत

तळेगावचे काम लवकर आटोपले. एक गाडी आधीची मिळाली. फाटकाबाहेरूनच पियानो ऐकू आला. तीच ओळ. अखंड! दहाही स्वर एका श्वासात, कोठेही सांधा नाही. ती थांबली, पुन्हा वाजवली, पुन्हा तशीच. मी कडीला हात लावून उभा होतो. आनंद झाला असे लिहिणार होतो. झाला तो आनंदच होता, असे खात्रीने म्हणवत नाही.

फाटक उघडले. बिजागरी कुरकुरली. तिसऱ्या वेळी करंगळीपुढे तुटली.

इंदूने तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोला, नाना." मी फार काही बोललो नाही.

मंगळ. १५

सकाळी सरळ विचारले. काल कोणती बोटे घेतलीस?

"तुम्ही लिहिलीत तीच."

"फाटकातून ऐकले मी."

मग म्हणाली, "चौथीनंतर अंगठा खालून नेते. पाचव्या काळीवर."

कधीपासून? दिवाळीपासून. म्हणजे मनगट सुजले ते केवळ माझ्यासमोर वाजवण्याने.

मी म्हटले, हरकत नाही, अंगठाच घे. वाजव. ती बसली. चौथ्या पट्टीपर्यंत आली, अंगठा हाताखाली वळला आणि तेथेच राहिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात मांडीवर घेतले.

"नाना, तुम्ही हो म्हणालात तरी तो जात नाही. तुम्ही समोर बसलात की जातच नाही."

मी उठून ओसरीवर गेलो. आत काहीही वाजले नाही. मी ओसरीवर आहे हे तिला ठाऊक होते.

गुरु. १७

शनिवारी तिच्याबरोबर मुंबईस कोणी जावे? मी जाणार, हे महिनाभर ठरलेले. शाळेच्या बाईंना तसे कळवलेले. मुलीचा बाप दाराबाहेर बसला तर नीट दिसणार नाही, आत बसला तर...

रात्री जेवताना सौ. म्हणाली, "मी जाते. मला त्या सुरांतलं ओ का ठो कळत नाही, तेच बरं."

इंदूने मान वर केली नाही, पण भात पुन्हा मागून घेतला. दोन दिवसांनी प्रथमच.

नंतर तिला विचारले, पानावरचे माझे आकडे खोडून देऊ का?

"राहू द्यात. तिथं मी पान बघणार नाही."

शनि. १९

सकाळच्या गाडीने दोघी गेल्या. डब्यात चढताना इंदूने हातमोजे मागितले. थंडीने बोटे आखडतील म्हणाली. मला सुचायला हवे होते.

दुपारी पियानोपाशी बसलो. तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी, आणि अंगठा खालून पाचव्या काळीवर. गेला. पंजा घसरला नाही. पुन्हा केले, तेव्हा घसरला. चाळीस वर्षे जेथे ठेवला नाही तेथे तो परक्यासारखा बसतो. दिवेलागणीपर्यंत तेच करीत होतो. फाटक कुरकुरले आणि हात आपोआप उचलला गेला.

इंदू आत आली. फार दमलेली. "बाहेरून ऐकलं, नाना. कोपर अंगाला चिकटतंय तुमचं." एवढे बोलून हातपाय धुवायला गेली. कसे झाले, हे तिने सांगितले नाही आणि माझ्याने विचारवले नाही.

सौ.ला स्वयंपाकघरात गाठले. शाळेच्या बाई काय म्हणाल्या? "पत्रानं कळवू म्हणाल्या. चहा दिला." ओळ तुटली का? "कुठली ओळ?" बरे, अंगठा तरी टाकला का तिने काळ्या पट्टीवर?

"मला काय माहीत?" सौ. म्हणाली. "मी तिच्या तोंडाकडे बघत होते."