खंडेनवमीला पुजलेली किल्ली

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
गिरणी कामगार पुनःप्रशिक्षण विभाग,
श्रमसाधना मराठी शिक्षण मंडळ,
मल्हारगंज, इंदूर

दि. ९ नोव्हेंबर २०००

विषय : ॲनिमेशनच्या परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवल्याविरुद्ध, तसेच त्या सॉफ्टवेअरविरुद्ध तक्रार.
संदर्भ : परदेशीपुरा केंद्राच्या फलकावर गेल्या आठवड्यात लागलेला निकाल.

महोदय,

अर्जदार अच्युत तुकोजी शितोळे, राहणार परदेशीपुरा, हा गिरणी बंद होईपर्यंत तिच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ काढत असे. आपली यंत्रे जगाच्या बाजारात टिकण्याजोगी राहिली नाहीत, असे सांगून साहेबांनी गिरणीला टाळे लावले. पुढे आपल्या मंडळाने गिरणीच्या चित्रकारांना कॉम्प्युटरवर हलती चित्रे शिकवायचे मनावर घेतले, आणि अर्जदार पांढऱ्या केसांनिशी पोरांच्या बाकावर जाऊन बसला. विजय नगरातल्या एका स्टुडिओने त्याच्या हातची चित्रे पाहून नोकरी देऊ केली आहे. येत्या सोमवारी आपले प्रमाणपत्र दाखवले नाही, तर ती जागा दुसऱ्याची. असे दार अर्जदारासाठी पुन्हा उघडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून हा अर्ज.

१. परीक्षेचा विषय होता : एक बाई धुतलेली साडी झटकून दोरीवर टाकते. ज्याचा जन्म साड्यांत गेला त्याला हे अवघड नव्हते. पण केंद्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये बाईने साडी झटकली की ती साडी तिच्या पोटातून आत शिरून पाठीतून बाहेर पडे. कोपर दुमडले की हात पिळलेल्या फडक्यासारखा दिसे. काठाचा रंग बदलायचा तर एकात एक तीन याद्या उघडायच्या, आणि तिसरी उघडली की पहिली आपोआप मिटणार. एक चूक पुसायला जावे तर तिच्यासोबत सकाळपासूनचे सगळे काम पुसले जाई. मग पडद्यावर चौकट येई की काहीतरी बिघडले आहे, आणि खाली एकच बटण, 'ठीक आहे'. अर्जदाराला ते अजिबात ठीक वाटत नसे, तरी तेच दाबावे लागे.

शिकवणाऱ्या पूर्वा मॅडमना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "काका, ये तो होतंच. सेव्ह करत राहायचं, बस. इंडस्ट्री स्टँडर्ड आहे न हे." अर्जदार केंद्रसंचालक श्री. दिनानाथ मुळ्ये यांच्याकडे गेला, तर ते म्हणाले, "शितोळे भिया, मुंबईपासून अमरीकेपर्यंत सब येच चालवतात. तुम्हालाच कशी काय दिक्कत येते?" महोदय, सगळे जग आदळत चालले म्हणून खड्ड्याला कोणी रस्ता म्हणत नाही. गिरणीची यंत्रे सुरळीत कापड विणत होती, ती जगाला चालली नाहीत. हे भंगार जगाला चालते. हा काय न्याय आहे, तो अर्जदाराला कोणी समजावून सांगावा.

२. हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलेल्या बोटभर लांबीच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीवर चालते. किल्ली नसली की प्रत्येक चित्रावर 'केवळ नमुन्यासाठी' अशी जाडजूड इंग्रजी अक्षरे तिरकी उमटतात. केंद्रात किल्ली एकच. खंडेनवमीला मुळ्येसाहेबांच्या मनात आले की गिरणीत जशी यंत्रांची पूजा होई तशी इथेही व्हावी. सर्वांत मोलाची वस्तू म्हणून त्यांनी किल्ली काढून पाटावर मांडली. अर्जदाराचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते आणि घरी आजही तलवार पुजली जाते, म्हणून पूजा त्यालाच सांगितली. त्याने घरच्या रीतीप्रमाणे आधी पाणी शिंपडले, मग हळदकुंकू वाहिले. तलवारीला याने कधी काही झालेले नाही. किल्लीच्या बारीक भोकांत मात्र ओले कुंकू जाऊन बसले, आणि ती कायमची गेली.

पाणी अर्जदाराने शिंपडले, हे तो नाकारत नाही. पण तबक मुळ्येसाहेबांच्या हातात होते, नारळ त्यांनी वाढवला, आणि वर्तमानपत्रात फोटोही त्यांचाच आला. केंद्राने केलेल्या चौकशीच्या अहवालात मात्र 'प्रशिक्षणार्थीच्या अंधश्रद्धेमुळे मालमत्तेचे नुकसान' असे आले. वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या किल्लीसाठी केंद्राने कंपनीला लिहिले. कंपनीने उलट विचारले आहे की कुंकू हे कोणते रसायन आहे ते कळवावे. केंद्राने ते पत्र अर्जदाराकडे उत्तरासाठी पाठवले आहे.

३. किल्ली नसतानाच परीक्षा उरकण्यात आली. साडी पोटातून जाऊ नये म्हणून अर्जदाराने एकेक चित्र हाताने सरळ केले, बाई नीट उभी केली, आणि तिच्या तोंडावर तिरकी अक्षरे उमटली. परीक्षकांनी शेरा दिला : 'नमुना प्रत सादर केली, सबब अनुत्तीर्ण.' बाईच्या हातात साडी होती की घोंगडी, हे त्यांनी पाहिलेले दिसत नाही.

४. निकाल लागल्यापासून अर्जदाराने तोच प्रसंग साध्या कागदावर, पेन्सिलीने, पहिल्यापासून काढला आहे. त्यासाठी त्याची पत्नी कमल हिने अंगणात एकच साडी पुन्हा पुन्हा झटकून दाखवली. शेवटी ती म्हणाली, "अब बस करा, हात भरून आला." तिनेच ती चित्रे एका बाजूने शिवून दिली आहेत.

तरी विनंती की, ही गड्डी आपण डाव्या हातात धरावी, उजव्या अंगठ्याने पाने सोडत जावीत आणि साडी दोरीवर पडते की नाही एवढेच पाहावे. पडत असेल तर प्रमाणपत्रावर सही करावी. नसेल तर 'अनुत्तीर्ण' हा शेरा शेवटच्या पानावर आपल्या हाताने लिहावा. न पाहता दिलेला शेरा अर्जदार मानणार नाही. तो आपल्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसला आहे आणि सोमवारपर्यंत उठणार नाही.

आपला, अजून तरी नम्र,
अच्युत तुकोजी शितोळे

सोबत :
१. खंडेनवमीच्या पूजेचा वर्तमानपत्रातील फोटो. यात अर्जदाराचा फक्त हात दिसतो.
२. शिवलेली चित्रे. पाहून परत मिळावीत. कमलचा हात अजून दुखतो आहे.