क्यू ते एसचा खण

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, कोश कार्यालयातून अर्थलेखिका म्हणून निवृत्त, पतीच्या पश्चात वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण खालच्या मजल्यावर राहणारे माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, हा कागद ऐकून सर्वांत आधी माझ्या डोक्याबद्दलच शंका काढतील. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. धाक एकदाच घातला गेला, चौतीस वर्षांपूर्वी, आणि तोही गोड बोलून. त्याचे पुढे येईलच.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा." मी जन्मभर शब्दांचे अर्थ लिहिले. नुसते 'कोणाला काय' लिहून मोकळे होणे मला जमत नाही. तेव्हा कारणे येतील. माझ्यामागे हा कागद वकीलसाहेबांनी भाऊजी आणि जाऊबाई यांच्यासमोर मोठ्याने वाचावा, एकही ओळ न गाळता. मधेच कोणाला तहान लागली तर पाणी द्यावे, पण पुन्हा तिथूनच वाचावे.

कलम १. बँकेतल्या ठेवीतून माझ्या शेवटच्या आजारपणाचा खर्च भागवावा आणि उरेल ते कलम ५ मधल्या घराच्या डागडुजीला लावावे. माझ्या अंत्यविधीच्या वेळी भाऊजींनी भाषण करू नये. त्यांना भाषणाची दांडगी हौस आहे. प्रमुख संपादक म्हणून निवृत्त होताना सत्काराच्या सभेत ते म्हणाले, "आमच्या वहिनी इतक्या क्वायट, की त्या तीस वर्षं ऑफिसात होत्या हे कित्येकांना कळलंसुद्धा नाही." लोक हसले. मीही हसले. तो शब्द तिथे चुकीचा होता आणि हे त्या सभेत दोघांनाच ठाऊक होते.

कलम २. शिलाई मशीन जाऊबाईंना. गेली वीस वर्षे ते त्यांच्याकडेच आहे, तेव्हा यात माझे औदार्य काही नाही. फक्त आता त्यांनी ते "वहिनींचं आहे, जपून वापरते" असे शेजारणींना सांगू नये.

कलम ३. भाऊजींना एक लाकडी खण. पितळी कडीचा, कडीवर चिठ्ठी 'क्यू ते एस'. आत काही नाही.

हा खण काय आहे ते सांगते. आमच्या कार्यालयात इंग्रजीतल्या जवळजवळच्या शब्दांच्या जोड्यांचा कोश चालला होता. ज्या दोन शब्दांचे अर्थ एकमेकांच्या अंगणात शिरतात, त्यांच्यात कुंपण नेमके कुठे घालायचे, हे मराठी वाचकाला सांगायचे. एका जोडीला एक कार्ड. कार्डावर आधी अर्थ आणि खाली 'तोडवाक्य', म्हणजे असे वाक्य की ज्यात दोनपैकी एकच शब्द बसतो आणि दुसरा घातला की वाक्य खोटे पडते. तोडवाक्य मनाने रचायला बंदी होती. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले किंवा कानांनी ऐकलेले खरे वाक्यच चालायचे. मग तपासणारा ते पारखून दुसरी सही करायचा. दुसऱ्या सहीशिवाय कार्ड खणात जात नसे. मी लिहीत असे आणि भाऊजी तपासत. त्यांना तिथे चिकटवले ते माझ्याच शब्दावर.

दुसरा नियम असा, की खण कार्यालयाबाहेर न्यायचा नाही. रोज संध्याकाळी टायपिस्ट सगळे खण मोजून वहीत सही करायची आणि कुलूप लावायची. तिला आम्ही 'खटखट' म्हणायचो. बोटांनी खटखट, तोंडानेही खटखट. पण कामाला वाघीण, आणि माझे अक्षर लागणारी साऱ्या कार्यालयात ती एकटीच.

भाऊजींचे तपासायचे काम तुंबले होते. एका शनिवारी, पुढे दोन दिवस सुट्टी जोडून आलेली, त्यांनी क्यू ते एसचा खण पिशवीत घालून घरी आणला. जाताना खटखटला म्हणाले, "सगळे आहेत, मी मोजलेत. टाका सही." तिची बस सुटत होती. तिने न मोजता सही टाकली. आठ वर्षांत तिची झालेली चूक ती एवढीच.

तेव्हा आमचे घर एकत्र होते. घरी त्यांनी खण वरच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला. पाणी गेलेले होते आणि नळ उघडाच राहिला होता. रविवारी दुपारी घरात कोणी नसताना पाणी आले. मी बाहेरून परतले तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी माझी कार्डे टांगलेली. शाई ओघळून खाली आलेली. माझे अक्षर मला वाचता येईना.

भाऊजी ओल्या हातांनी उभे होते. म्हणाले, "वहिनी, सुकली की ठेवतो परत. कोणाला कळणार नाही." मी म्हणाले, "कळणार नाही कसं? कोरी झाली आहेत ती." सोमवारी त्यांनी कार्डे घमेल्यात जाळली. खण जाऊबाईंनी कांदे ठेवायला घेतला. तो कांद्यांसकट त्यांच्या ओट्याखाली तीस वर्षे होता. नवे स्वयंपाकघर झाले तेव्हा कचऱ्यात निघाला आणि मी तो उचलून वर आणला. भाऊजी, तुमची वस्तू तुम्हाला परत. थोडा वास येईल.

मंगळवारी खण नाही म्हणून बोंब झाली. वही काढली, वहीत खटखटची सही. बुधवारी चौकशी ठरली. आदल्या संध्याकाळी माझे पती म्हणाले, "घरातलं घरात राहू दे. भाऊ आहे माझा. तुला खोटं बोल म्हणतोय का कोणी? तू नुसती बोलू नकोस, एवढंच." ते माणूस म्हणून वाईट नव्हते. जन्मभर त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही.

चौकशीच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि टेबलावर काचेचे पेपरवेट. खटखट माझ्या समोर बसली होती. तेव्हाचे प्रमुख संपादक भाऊजींना विचारून झाल्यावर माझ्याकडे वळले. "बाई, या खणाविषयी तुम्हाला काही माहीत आहे?" खटखटने माझ्याकडे पाहिले. ती रडत नव्हती. मी काहीतरी सांगेन अशी तिची खात्री होती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी पेपरवेटकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने साहेबच म्हणाले, "जाऊ द्या. बाई मुळातच शांत आहेत, त्यांना कशाला यात ओढायचं?" आणि त्यांनी तसे लिहून घेतले. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून खटखटला काढून टाकले.

माझ्यामुळे तिची नोकरी गेली. भाऊजींमुळे नव्हे. भाऊजी खोटे बोलतील हे तिने धरलेच असणार, तिने भरवसा ठेवला होता माझ्यावर. ही गोष्ट मी चौतीस वर्षे कोणाला सांगितली नाही आणि त्याबद्दल मला अजून माझी किळस येते.

पुढे जळालेली सगळी कार्डे मी पुन्हा लिहिली. दोन वर्षे गेली. एक मात्र लिहिले नाही. कोश छापून निघाला, त्यावर भाऊजींचे नाव आले, आणि ती एक जोडी त्यात नाही. आजवर कोणाच्या लक्षात आलेले नाही.

कलम ४. ते कार्ड मी आता लिहिले आहे. ते कोश कार्यालयाला द्यावे. मजकूर असा:

"क्वायट आणि सायलेंट. मराठीत दोहोंना सरसकट 'शांत' म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. दुपारची गल्ली, झोपलेले घर, बर्फ पडलेले मैदान यांना दोन्ही शब्द चालतात, कारण तिथे आवाज नाही एवढेच सांगायचे असते. पण क्वायटमध्ये थोडा आवाज खपतो. पंखा क्वायट असतो, म्हणजे फिरताना कुरकुरत नाही. क्वायट माणूस कमी बोलतो, हळू बोलतो, आणि तो त्याचा स्वभाव असतो. त्याला दोष देता येत नाही, उलट लग्नाच्या बाजारात तो गुण धरतात. सायलेंट म्हणजे एक अक्षरही नाही. तो स्वभाव असेलच असे नाही. बडबड्या माणूससुद्धा एका प्रश्नापुरता सायलेंट होऊ शकतो. मूकपटाला सायलेंट म्हणतात, त्यात माणसे ओठ हलवतात आणि ऐकू काही येत नाही. जिथे बोलणे अपेक्षित होते आणि ते आले नाही, तिथे सायलेंट. क्वायट माणसाला विचारले तर तो उत्तर देतो.

तोडवाक्य: चौकशीच्या खोलीत तिला विचारले तेव्हा ती सायलेंट राहिली. (इथे क्वायट घातल्यास वाक्य खोटे पडते. चौकशीच्या कागदात तसे घातलेले आहे.)

लिहिणार: सही केली आहे. तपासणार:"

दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. हे वाक्य खरे आहे हे पारखू शकेल असा तपासनीस आता एकच हयात आहे. वाचन संपल्यावर वकीलसाहेबांनी हे कार्ड भाऊजींसमोर ठेवावे आणि पेन द्यावे. सही झाली तर कार्ड खणात घालून दोन्ही कार्यालयात पोचवावे. नाही झाली तर कोऱ्या जागेसकट कार्ड तेवढे पोचवावे आणि खण भाऊजींकडे राहू द्यावा. आग्रह करू नये. न बोलण्याचा हक्क मी स्वतः भरपूर वापरला आहे.

कलम ५. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ती गॅलरी. कच्च्या मसुद्यात मी हे घर खटखटच्या नावे लिहिले होते. मसुदा घेऊन मी गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले. नोकरी गेल्यावर ती तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायची. आता बोटे वाकली आहेत. तिने मला बसायला सांगितले, चष्मा लावला आणि सगळे वाचले. तिसऱ्या पानावर एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली.

मग म्हणाली, "बाई, घर कशाला देताय?"

"तुझं नुकसान झालं म्हणून."

"ते घरानं भरून येतं होय? मला काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक माणूस हवं होतं. उभं राहून 'ही खरं बोलते' म्हणणारं. बास."

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "बघा, परत गप्प."

मग मी बोलले. चौतीस वर्षांचे बोलले. नीट बोलता आले नाही, मधेच रडले, आणि तिने मला थांबवले नाही की पाणीही विचारले नाही. शेवटी माफ कर म्हणाले. ती म्हणाली, "ते नाही जमायचं. उगाच हो म्हणून तुम्हाला फसवू कशाला?" मला हे उत्तर आवडले नाही, पण ते खरे होते.

निघताना तिने विचारले, "याला साक्षीदार कोण?" मी म्हणाले, एक खालच्या गल्लीतले घड्याळवाले, दुसरा अजून ठरला नाही. ती म्हणाली, "मी करते सही." मी सांगितले, की वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, मिळालेले हातचे जाते. घर किंवा सही, दोन्ही नाही.

"मग घर खोडा," ती म्हणाली.

"अगं, तू भाड्याच्या खोलीत राहतेस. नीट विचार कर."

"केला की. तेव्हा मला एक साक्षीदार मिळाली नाही. आता तुम्हाला मिळतेय, तर घ्या."

म्हणून घर खोडले. वरचा मजला आता शेजारच्या वाचनालयाला द्यावा. गॅलरीकडच्या खोलीत बसून वाचण्याची सोय करावी. भाऊजींना वरच्या पावलांचा त्रास होईल, त्याला माझा इलाज नाही. एकच अट आहे. खोलीत 'सायलेन्स'ची पाटी लावू नये. 'हळू बोला' असे लिहावे.

कलम ६. कार्डावर तपासणाऱ्याच्या जागी खटखटने सही करावी असे मी सुचवून पाहिले. तिने नकार दिला. म्हणाली, "ती जागा त्यांची आहे. राहू दे रिकामी." तसे केले आहे.

याखेरीज माझे कोणाकडे काही मागणे नाही. वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने, हे मुद्दाम नमूद करते. नंतर दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: वरचा मजला, गॅलरीकडची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) घड्याळदुरुस्ती, खालची गल्ली. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) टायपिस्ट, कोश कार्यालय. निवृत्त नव्हे, काढून टाकलेली. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वकीलसाहेब म्हणतात साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. मी वाचला आहे. या वेळी पानं मोजली आणि मगच सही टाकली.