झोपाळा वाजत नव्हता

गिरगाव,
सोमवार, ८ डिसेंबर १९५८

प्रिय अच्युत,

तुझं पत्र पोचलं. तुळशीच्या लग्नात घसरलेली आई अजून पाठीवरच आहे आणि तिच्या खुब्यात विलायती गोळा बसवायचं ठरतंय, हे वाचून आधी देवापुढे निरांजन लावलं. डॉक्टर तेच, दोन वर्षांपूर्वी माझा खुबा मोडला तेव्हा असाच गोळा बसवणारे. तुमच्या ताई बघा कशा चालतात, असं म्हणाले म्हणे तुला. चालते खरी. कशी, ते ऐक. आईला घोर नको म्हणून आजवर बोलले नव्हते.

गेल्या श्रावणात आमचा झोपाळा करकरायला लागला. यांनी कड्यांना खोबरेल घातलं, मग मशीनचं तेल. मोर्च्याहून घसा बसवून आले की पहिलं काम तेच. म्हणायचे, मुंबईचा फैसला लागेल, पण या झोपाळ्याचा लागायचा नाही. मी हसायचे. मग एका मंगळवारी गणपतीच्या देवळात प्रदक्षिणा घालताना मागची बाई म्हणाली, अहो, चपला तरी बाहेर काढून यायच्या, केवढ्या वाजतात! मी अनवाणी होते, अच्युत. घरी येऊन झोपाळ्याला हात न लावता उठले, बसले. वाजत होते ती मीच.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वजन उतरवा, मांडी घालू नका. मग हे आधी का नाही सांगितलं? पाटावर बसल्याशिवाय माझी पूजा होते का? गोळा कसला, कुणी बनवला, विचारलं, तर हसले. मॅट्रिक झालात म्हणून सगळंच कळायला हवं का, म्हणे. दुखणं मांडीत उतरलं तेव्हा यांना घेऊन परळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला. गोळा दातांच्या कवळीसारख्या प्लॅस्टिकचा, तो फोटोत दिसतच नाही. पण आतली सळई तिरकी झालेली दिसली. गोळा झिजलाय, भोवतीचं हाडही खाल्लं जातंय, काढावा लागेल. सगळ्यांचेच बिघडतात असं नाही, म्हणाले. पण वाजला, दुखला तर अंगावर काढायचं नाही, आणि दरवर्षी फोटो काढून बघायचा. हे मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

आता मजा बघ. हे कानावर गेल्यावर आपले डॉक्टर म्हणतात, मीच काढतो, फी नको. घासाघीस न करता फी सोडणारा माणूस मी तरी पाहिला नाही. अट एकच, निघालेला गोळा त्यांच्याकडे राहील. का म्हणून? कल्हईला दिलेलं भांडंसुद्धा आपण परत आणतो. हा तर माझ्या हाडातला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, बाईंची तब्येत विचारायला. एवढी माया?

आईला उठवायलाच हवं, कळतं मला. पडून राहिली तर छाती भरेल. पण कागदावर सही मुलाची लागते, लेकीला कोण विचारतं? म्हणून हे पत्र. गोळा कशाचा, कुणी बनवला, आजवर बसवलेल्यांचं पुढे काय झालं, धातूचा मिळतो का, हे त्यांच्याच अक्षरात लिहून माग. टाळाटाळ केली तर परळला दाखवू. मी बुधवारी माझा एक्स-रे घेऊन दादरला येते. जिन्यात करकर ऐकू आली की दार उघड. तोवर पेनाचं टोपण काढू नकोस.

तुझीच,
सुमाताई