‘उगंच आले’ म्हणालीस तेव्हा

आये,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. वैशाखात, बाजाराच्या दिवशी, तू मुळशीहून पौडच्या दवाखान्यात आलीस आणि बायकांच्या रांगेत बसलीस.
२. तुझी पाळी आल्यावर मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"
३. तू म्हणालीस, "काय न्हाई. उगंच आले."
४. मी केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिलं आणि तुझ्या बाटलीत लोहाचं औषध भरून दिलं.
५. आषाढात तू तापानं गेलीस.

यात खोटं काही नाही. चौथ्यामुळे पाचवं झालं असंही मी म्हणत नाही. तापाची साथ होती आणि ती सगळ्या खोऱ्यात होती. तरी नऊ वर्षं मी ही यादी मनात तपासते आहे आणि दर वेळी दुसऱ्या ओळीपाशी थांबते. मी तुला ओळख दाखवली नाही. माझ्या मागे टेबलाशी नवे डॉक्टर बसले होते. आदल्याच आठवड्यात एक म्हातारी "काळजात कालवतंय" म्हणाली, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "हा कुठला आजार हो नर्सबाई? आम्हाला नाही शिकवला." आणि मी हसले होते. पुण्यात तीन वर्षं शिकून आलेली मी. ठिगळाच्या लुगड्यातली ही बाई माझी आहे हे त्यांना कळू नये, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

ते काही झाकलं गेलं नाही. तुझ्या मागे कासार आंबोलीची ती तोंडाळ मावशी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आगं, ही तुजीच आय न्हवं? सोताच्या आयला अहो-जाहो? लई शिकलीस गं बाय!" रांग हसली. तू मान वर न करता म्हणालीस, "हितं ती सरकारी हाय. सरकारला कुटली आलीय आय?" रांग आणखी हसली, डॉक्टरही हसले. तू मला सोडवलंस. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

‘उगंच’ म्हणजे काय, हे त्या रांगेत फक्त मला माहीत होतं. आपल्या घरात दुःखाच्या मोठ्या शब्दांना वजन नसायचं. लाकडं ओली निघाली की तू म्हणायचीस, "जीव नकोसा झालाय." ते दिवसातून चारदा व्हायचं आणि आम्ही लक्ष द्यायचो नाही. ‘करमंना’ हे आईपासून तोडलेल्या वासरासाठी आणि नव्या सुनेसाठी. ‘भकास’ हे भात कापून नेलेल्या खाचरासाठी. माणसाला तो शब्द तू लावलेला मला आठवत नाही. शाळेच्या पुस्तकात मी उदास, खिन्न, विषण्ण शिकले, पण ते शब्द आपल्या चुलीपाशी कधी आले नाहीत. आणि माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी तू भाकरी थापता थापता थांबायचीस, तव्यावरची करपायची. मी विचारायचे, "आये, काय झालं?" तू म्हणायचीस, "काय न्हाई. उगंच." इतका जड शब्द तुझ्याकडे दुसरा नव्हता. असं असून मी ‘अशक्तपणा’ लिहिलं, कारण तक्रारीच्या रकान्यात डॉक्टरांना चालतील असे सात-आठच शब्द होते आणि त्यांतला हा सगळ्यांत सोपा.

त्या आषाढातलं अजून डोळ्यांपुढे आहे: तुझे दिवस झाल्यावर मी घरी आवराआवर करते आहे. फळीवर ती बाटली आहे, धुऊन पालथी घातलेली. डोसांच्या खुणा कापलेली, मी खळीनं चिकटवलेली कागदाची पट्टी तशीच आहे. दारातून बाबा म्हणतात, "लेकीनं दिलंय म्हणायची. एक खूण चुकवली न्हाई तिनं." मग थोड्या वेळानं, "औंदा माहेरच्या चुलीला कुकू लावाय बी गेली न्हाई. बाया बोलवाय आल्या, तर म्हणली, तुमी जावा, मी पौडला जाऊन येती."

दर वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की तुझ्या बुडालेल्या गावच्या भिंती वर यायच्या, आणि तिथल्या लेकी चिखल तुडवत आपापल्या घराच्या जागी जाऊन यायच्या. तुझं माहेर तेवढंच, वर्षाला एक दिवस. त्या वर्षी तो दिवस तू माझ्या रांगेत घालवलास.

हे आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. परवा चांदे गावची एक सून दवाखान्यात आली, विशीची असेल. बरोबर सासू होती. मी विचारलं, काय होतंय? सासूच बोलली, "कामाला उटत न्हाई, दुसरं काय!" मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "काय न्हाई. उगंच आले." माझा टाक रकान्यावर थांबला. रांग मोठी होती. डॉक्टर आता दुसरे आहेत, भले आहेत, हसत नाहीत; म्हणजे तेही कारण मला उरलं नव्हतं.

मी ‘अशक्तपणा’ लिहिलं. बाटली भरून दिली आणि शुक्रवारी परत यायला सांगितलं.

पुण्याहून मी तुला पत्रं लिहायचे ती शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे, म्हणून त्यांत खुशालीशिवाय काही नसायचं. हे कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. ट्रंकेत ठेवणार आहे. पण विचारायचं ते विचारते. त्या दिवशी मी टाक खाली ठेवून तुझ्याशेजारी बाकावर येऊन बसले असते, तर पुढे काय विचारायला हवं होतं? मला खरंच माहीत नाही. ती शुक्रवारी सकाळी येईल. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे.