टोळीच्या तेलातली काच

चंद्रपूर, २१ जुलै २०२४

ती. साधनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या ताडपेऱ्याचा टॉवर पुन्हा झोपला, म्हणून हे पत्र तुमच्या दवाखान्यातून तपासणीचे तुकडे येतात त्या डब्यात, बर्फाच्या पिशवीखाली ठेवते आहे. लटारूभाऊ कंडक्टर रिकामा डबा तुझ्याच हातात देतील. बाबांना आधी नमस्कार सांग आणि मग तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायला सांग. उलटं केलंस तर नमस्कारही ऐकणार नाहीत.

माझं डोकं रोज दुखतं. तू नर्स आहेस, पण आमच्या खोलीतलं काम तू पाहिलेलं नाहीस. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, म्हणजे सडत नाही. मग स्पिरिटनं त्यातलं पाणी काढायचं, मग झायलिनमध्ये बुडवायचा, म्हणजे त्यात मेण शिरतं आणि पातळ काप काचेवर घेता येतो. त्या झायलिनची वाफ मी सहा वर्षं हुंगते आहे. हवा बाहेर फेकणारा पंखा दीड वर्षापासून बंद आहे. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात संपलं. यामुळेच झालं असं डॉक्टरीणबाई ठामपणे सांगत नाहीत, पण त्या खोलीपासून लांब राहा म्हणतात. लांब कुठं जाऊ? दुसऱ्या लॅबमध्येही हीच बाटली.

म्हणून एक उद्योग आरंभला आहे. झायलिनऐवजी कोमट खायचं तेल आणि फॉर्मॅलिनऐवजी गुळाचं पाणी. काही ठिकाणी हे करून पाहिलंय, असं वाचलं. तेलासाठी तपासून उरलेले तुकडे वापरते, गुळासाठी मटणवाल्याकडून ताजा तुकडा आणते. विक्की म्हणतो, घरात कढई कोरडी आणि बायको मटण बरणीत घालते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी, रोग्याच्या तपासणीला हात लावायचा नाही, या अटीवर होकार दिला आहे. तिकडचं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळालं तर पाठव.

तुझी माया अशीच डब्यातून येत राहो.
तुझी दिव्यानी


ताडपेरा, २ ऑगस्ट २०२४

चि. दिव्यानीस,
अ. उ. आ.

तेल पाठवते आहे. शेजारच्या मंगलीबाईनं घरच्या टोळ्यांचं काढून दिलं. बाबांनी बरणी पाहिली आणि विचारलं, पोरगी लॅबमंधी भजे तळून राह्यली का? मी सगळं समजावलं. तरी दिवसभर भजेवाली, भजेवाली म्हणून हसत होते.

हसताना मला एक गोष्ट दिसली. डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे आणि त्याच्या कडेला जखम. विचारलं तर मले काई झालं नाई म्हणतात, पण महिनाभरापासून भाजी बिनतिखटाची मागतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं, इतरांची तोंडं मीच तर बॅटरी लावून बघते. पोळ्यानंतर आमच्या दवाखान्यात शिबिराचे डॉक्टर येतील, तेव्हा तुकडा काढून घेऊ. गुळाचं वाचून मला फार बरं वाटलं. इथं फॉर्मॅलिन कधी वेळेवर आलंय?

जीव सांभाळ, खिडकी उघडी ठेव. आशीर्वाद आहेतच.
साधना


चंद्रपूर, १६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस, शि. सा. न.

बाबांचं वाचलं. त्यांचा तुकडा ज्या दिवशी येईल त्याच दिवशी मी कामाला घेईन.

एक चांगली बातमी. टोळीच्या तेलातल्या आणि झायलिनमधल्या काचा मी नावं झाकून मॅडमपुढं ठेवल्या. दहापैकी एकीतही त्यांना फरक सांगता आला नाही. गुळाच्या पाण्यातला मटणाचा तुकडाही छान टणक राहिला, रंगही सुरेख आला. त्या दिवशी मी घरी नाचतच गेले. विक्कीला वाटलं, पगार वाढला.

बाबांना म्हणावं, भजे चांगले झाले. आहे तसाच लोभ ठेवा.
दिव्यानी


ताडपेरा, ४ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानीस, अ. उ. आ.

काल शिबिर झालं. बाबांच्या गालाचा तुकडा काढला. ओरडले नाहीत, पण माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाला काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा टाकून द्या, पुढच्या महिन्यात दुसरा काढू. मला तेवढा धीर कुठला? तुझं पत्र आठवलं. घरचा गूळ पोळ्याच्या पुरणात संपला होता, म्हणून मंगलीबाईकडून खडा आणला, पाणी उकळून विरघळवला, फडक्यानं गाळला, त्यात तुकडा घातला आणि झाकण घट्ट लावलं. आज डबा निघतो आहे. पर्लकोटा नदीला पूर आहे, पण लटारूभाऊ म्हणतात, सकाळपर्यंत उतरते.

माझ्या भजेवालीवर माझा भरवसा आहे.
साधना


चंद्रपूर, ११ सप्टेंबर २०२४

ताईस, शि. सा. न.

डबा पाचव्या दिवशी आला. पूल बुडालेला होता आणि बस तशीच अडकून पडली होती. डबा उघडला तर बाटलीचं झाकण उडालेलं, फेस सगळीकडे, आणि खोलीभर मोहाच्या दारूचा वास. तुकडा चिमट्यात धरला तर लगदा होऊन तुटून पडला. मॅडमनी जे उरलं त्याची काच पाहिली. सांगण्यासारखं त्यात काही राहिलेलं नाही.

ताई, तो गूळ कुठला होता? आणि हेही लिहिते, कारण लिहिलं नाही तर झोप येणार नाही. माझा मटणाचा तुकडा फ्रीजमध्ये होता आणि एकच दिवस होता. मी तुला ते लिहिलं नाही. आनंदात राहून गेलं.

मॅडमनी माझं सगळं बंद केलं, तेलसुद्धा. गुळाचा राग तेलावर निघाला. पुन्हा सगळं झायलिन. आणि मला पुन्हा दिवस गेले आहेत, परवाच कळलं. बाबांना सांगू नकोस, त्यांना लवकर दुसरा तुकडा द्यायला लाव.

रागावली असशील तरी पत्र पाठव.
दिव्यानी


ताडपेरा, २० ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीस, अ. उ. आ.

रागावले नव्हते गं. लाजेनं लिहवलं नाही. तो गूळ मंगलीबाईच्या कोठीतला, मोहफुलांच्या टोपलीतच ठेवलेला, त्यांचं आंबण लागलेला. आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात तशा टोपलीतला गूळ कशासाठी असतो, हे पोरासोरांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं का? पण गूळ म्हणजे गूळ, असं धरून चालले. मंगलीबाई रडली, म्हणाली, बाई, तू पुरणासाठी नेतेस असं वाटलं.

दुसऱ्या तुकड्याला बाबा तयार होईनात. एकदा चाकू लावला, आता नाई. हात जोडले, अबोला धरला, उपास केला. तोंड दोन बोटंच उघडायला लागलं तरी नाहीच. शेवटी गुरुवारी मी तुझं सगळं सांगितलं. झायलिन, आधीच्या दोन वेळा, आताची तिसरी, आणि तेल बंद झालं तेही. तुझा शब्द मोडला, माफ कर.

म्हणाले, हे मले आधी काऊन नाई सांगितलं? कापा म्हणा. दोन तुकडे काढा. एक त्या जहरात टाका अन् एक पोरीच्या तेलात, अन् तिच्या मॅडमले म्हणा, पाहून घ्या.

काल शिबिराच्या डॉक्टरांनी काढलेले दोन्ही तुकडे सोबत आहेत, एकाच बाटलीत, ताज्या फॉर्मॅलिनमध्ये. या वेळी बाटली मी तीनदा पाहिली.
साधना


चंद्रपूर, २७ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, शि. सा. न.

मॅडमना तुझं पत्रच वाचायला दिलं. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, कर. झायलिनचा तुकडा त्यांनी स्वतः केला, मला खोलीत येऊ दिलं नाही. तेलाचा मी केला.

नावं झाकून त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या आणि दोन्ही कागदांवर एकच वाक्य लिहिलं. कॅन्सर आहे, ताई, आणि खोल गेला आहे. कोणती काच कशातली, हे त्यांना ओळखता आलं नाही. मग त्या उठल्या, कपाटातून टोळीच्या तेलाची बरणी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, उद्यापासून तू झायलिनला हात लावायचा नाही.

मला हे असं नको होतं. दीड महिना आधी कळलं असतं तर जबडा कापण्यापासून वाचला असता का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी नागपूरच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. बाबांना तू सांग. माझ्याच्यानं होणार नाही.
दिव्यानी


ताडपेरा, ३ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस, अनेक आशीर्वाद, आणि जो येणार आहे त्यालाही.

काल सांगितलं. दुखतं म्हणून बाबा आता थोडकंच बोलतात. रोगाचं नाव ऐकून नुसती मान हलवली, जसं कोणी आधीच सांगून गेलं होतं. मग विचारलं, तेलातलं चांगलं दिसलं काय? मी म्हटलं, सारखंच दिसलं, फरक ओळखता आला नाही, मॅडमनी तेल पुन्हा सुरू केलं. त्यावर हसले. हसताना गाल दुखला, तरी हसले.

चूक तुझी की माझी, हे आपण त्यांच्यासमोर कधीच बोलायचं नाही. येत्या गुरुवारी त्यांना घेऊन नागपूरला निघते. तिथल्या डॉक्टरांना काचा लागतील, त्या घेऊन चंद्रपूरच्या स्टँडवर ये. दोन्ही आण, बाबांनी दोन्ही सांगितल्या आहेत.

आणखी एक निरोप आहे. थंडी लागली की टोळीचं तेल थिजते, पोरीले म्हणा कोमट करून घे. बरणी भरून बाजूला ठेवली आहे, सोबत आणते.

तुझी ताई
साधना