कंठरक्षणार्थ उपवास

विद्यानगर, रविवार, दिवेलागण

मिरचीभज्यांबाबत झालेला अन्याय आधी नोंदवतो. सुवार्तेसाठी, म्हणजे येशूच्या गोष्टी सांगायला, कुंदगोळला गेलो. जिच्या घरी सभा होती त्या रूथअक्काने गरम भज्यांची परात सगळ्यांपुढे फिरवली आणि माझ्यापुढे कोमट पाणी ठेवलं. "तुम्हाला नको, पाळकसाहेब. घसा बसला तर गोष्ट कोण सांगणार?" कंठरक्षणार्थ उपवास! संस्कृत शिकल्याचा फायदा एवढाच, उपाशीपोटीही समास सुचतो.

उधळ्या पुत्राची गोष्ट रंगली. सगळं उधळून परतलेल्या मुलाकडे बाप धावत सुटतो तिथे बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तिथे लावतातच.

मग अक्काने आतल्या खोलीत नेलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. मी खाकरून सुरुवात केली, "एका गावात एक मनुष्य होता..." तिने माझा हात धरला.

"आत्ता गोष्ट नको, अण्णा. यांच्यासाठी देवाशी नुसतं बोला."

डोळे मिटले. घसा ठणठणीत होता. शब्द एकही येईना. शेवटी लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हटली. अक्का समाधानाने 'आमेन' म्हणाली.

परतताना बसमध्ये भज्यांचाच विचार करत बसलो. मुद्दाम.

गोष्ट सांगताना माझा विश्वास असतो. ती संपल्यावर उरतो का, हे मला माहीत नाही. भीती त्याची वाटते.