दुसऱ्या कुणाच्या वापरात

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार

तळेगावात आले आणि पहिल्याच दिवशी खुर्ची मिळाली, तीही फिरती. वर्ध्याला संगणकाचा कोर्स करून वर्षभर घरी बसले होते. बसून आईचे डबे तरी किती वेळा ओळीने लावायचे? शेवटी आई म्हणाली, नोकरी धर नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. तर आता मी, अंजू, वासुदेवरावांच्या फोटो स्टुडिओची ऑपरेटर.

वासुदेवराव भले आहेत, चहा फार पितात. नव्या डिजिटल कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून त्यांनी माझाच फोटो काढला. डोळे काय सुरेख आलेत, पापणी न् पापणी मोजून घ्यावी. काउंटरच्या वर त्यांच्या वडिलांचा, कै. पुंडलिकरावांचा हार घातलेला फोटो आहे. चेहरा ऐंशीचा आणि नजर पंचविशीची. हसू आलं, दाबलं. राहायला मागच्याच गल्लीत शोभाबाईंकडे खोली मिळाली. मजेत आहे.

१६ नोव्हेंबर, बुधवार

संगणक मात्र रडका. व्हायरसने पोखरलेला. काल-आज बसून विंडोज नव्याने टाकली. डिस्क कोरी करू दिली नाही, लग्नांचे फोटो जातील म्हणून वासुदेवराव घाबरले. जुन्याच्या डोक्यावर नवीन टाकलं. दुपारी भारनियमन, त्यामुळे तासाचं काम दोन दिवस.

माझ्याआधी इथे हिंगणीचा निकेश होता. त्याची नजर हळूहळू गेली. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवलं, डोळ्यांत दोष सापडला नाही. गुणी पोरगा होता, असं म्हणून वासुदेवरावांनी आणखी एक चहा मागवला.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

विंडोज नवी, तरी डिस्क भरलेलीच. सदतीस जीबीतले तेहतीस गेलेले. एकेक फोल्डर उघडून बेरीज केली, ती जेमतेम बारा. मग एकवीस जीबी गेले कुठे? नको असलेलं सगळं काढलं, कचऱ्याची टोपली रिकामी केली, लपवलेल्या फाइली पाहिल्या. बोटभरही फरक नाही. मला घरात भरलेला कोपरा बघवत नाही, ही तर माझी डिस्क. जेवणात लक्ष लागलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं! जुन्या विंडोजमधला निकेशचा फोल्डर. परवानगी नाही म्हणत होता, म्हणून त्याचं वजन शून्य दिसत होतं. अशा वेळी फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. करून घेतली.

आत दोनशे बारा फोटो, एकेक शंभर एमबीचा. सगळे गेलेल्या माणसांचे. वासुदेवरावांनी समजावलं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा कित्येकदा जन्मात एक फोटो नसतो. माणूस गेलं की घरचे फोटोग्राफरला बोलावतात, प्रेताला टेकवून बसवतात आणि फोटो काढतात. मिटलेले डोळे मग स्टुडिओत उघडायचे. निकेशचा हात त्यात बसलेला होता.

हात कसला, आळस. दोनशे बारा तोंडांवर एकच डोळे चिकटवलेत, म्हाताऱ्या बायकांनासुद्धा. वासुदेवरावांना विचारलं. ते म्हणाले, फ्रेमा घरोघरी गेल्यात, आता ठेवून काय करायचं. दुपारी दोन चाळीसला सगळं उडवलं, टोपलीही रिकामी केली. एकवीस जीबी मोकळे. इतकं हलकं वाटलं की शोभाबाईंसाठी भजी नेली.

२३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तानाबाई आल्या, फ्रेम पदरात गुंडाळून. नवरा प्रेमदास दोन वर्षांपूर्वी गेला, पुण्यानुमोदनाच्या विधीला हा फोटो इथूनच नेलेला. त्यांनी पदर बाजूला केला. ‘मालकानं डोये मिटून घेतले वं बाई. सोमवारपर्यंत पाहून राह्यले होते माह्याकडे. माहं काय चुकलं?’

फोटोत डोळे मिटलेले होते. शाई उडालेली नाही, काच धड. नुसते मिटलेले.

मग वर पाहिलं. पुंडलिकरावांचेही मिटलेले आहेत.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल चार फ्रेमा, आज सात. कुणी भांडत नाही, हेच वाईट. काऊन मिटले, एवढंच विचारतात आणि बाकावर बसून राहतात. वासुदेवराव म्हणाले, स्टुडिओचं नाव जाईल, फुकटात पुन्हा करून दे.

फ्रेमांतले फोटो स्कॅन केले. डोळे कुठून आणू? माझा तो पहिल्या दिवशीचा फोटो होता, स्वच्छ. निकेशला आळशी म्हणाले होते. मीही तेच केलं. पहिले पुंडलिकराव, मग प्रेमदास, मग बाकीचे. तानाबाई फ्रेम छातीशी धरून रडल्या. मलाही रडू आलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

सव्वीस झाले. डोळे दुखतात. पापणी लवते तेव्हा मध्येच काहीतरी दिसतं. निळी भिंत. चूल. एक बाई पाठमोरी, आणि मी तिच्याकडे वरून बघतेय. काम जास्त झालं असणार. वहीच्या ओळी फिकट छापल्यात का?

२९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी एक मुलगा पेढे घेऊन आला. निकेश. एकटा आला, काठीशिवाय. मी त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्चीचा हात धरला. तेच डोळे. दोनशे बारा वेळा पाहिलेले.

‘मले मागच्या सोमवारी दिसाले लागलं, ताई. दुपारी, तीनच्या आत. समोरची भाकर दिसली.’ नजर गेल्यावर अंधार नव्हता, म्हणाला. लोकांची घरं दिसायची, भिंतीवरून. कोणी जेवून राह्यलं, कोणी भांडून राह्यलं, आणि सगळे येऊन हात जोडायचे. कोणाले सांगाव?

मग त्याने वर पुंडलिकरावांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. ‘पुसून टाका, ताई. आत्ताच्या आत्ता.’

संध्याकाळपर्यंत पुसत होते. एकही फाइल जात नाही. खिडकी येते: काढता येत नाही, दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्राम ही फाइल वापरत आहे.

३० नोव्हेंबर

सगळे प्रोग्राम बंद केले. संगणक बंद करून चालू केला, चार वेळा. तेच. प्रोग्राम कुठलाच चालू नाही. म्हणजे उरली व्यक्ती.

वासुदेवरावांना म्हटलं, डिस्क फोडा. ते म्हणाले, त्यात लग्नं आहेत, वेडी झालीस का. पाया पडले त्यांच्या. मला भीती वाटते, फार भीती वाटते. आईला फोन लावायचा तर आकडे —

१ डिसेंबर

सगळी डिस्क कोरी करायला बसले. सीडी घातली. लाइट गेली. चार तास येणार नाही —

पडदा दिसत नाही. निळी भिंत दिसते. तानाबाई भाकर थापतेय. मधेच वर बघते, हसते. मी हसू शकत नाही

दुसरं घर. तिसरं. सव्वीस घरं, एकदम — पापणी मिटली तरी जात नाहीत

१ किंवा २

हाताने ओळ चाचपून लिहितेय. आई, कुणी वाचून दाखवलं तर — माझा फोटो कुणाला देऊ नकोस —

आता हे घर ओळखीचं. काउंटर. चहाचा कप. उन्हाची तिरीप. वरून दिसतंय, हाराच्या मधून. टेबलाशी एक मुलगी बसलीय, वही लिहितेय. माझी ओढणी आहे तिच्या अंगावर. वासुदेवराव तिला हलवतायत, हाका मारतायत

ती मान वर करते माझ्याकडे

तिचे डोळे मिट